पावसातले साडेचारशे किलोमीटर

सायकलच्या शर्यतीत उतरलेला स्वार वादळात का थांबला नाही, हे त्याला कोणी विचारीत नाही. त्याच्यापुढे बक्षीस असते, मागे प्रतिस्पर्धी असतो, बाजूला मोटारीतून ओरडणारा व्यवस्थापक असतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छापून येणारे नाव असते. सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्या हौशी माणसाजवळ यांतले काहीही नसते. तो स्वतःच्या खर्चाने निघतो, स्वतःचे ओझे स्वतः वाहतो. पोहोचला तर हारतुरे घेऊन कोणी उभा नसतो आणि न पोहोचला तर जाब विचारणारा वरिष्ठही नसतो. अशा माणसाला पावसाने गाठले, वारा तोंडावर आला, अंगावरचा शेवटचा कोरडा धागाही भिजला, तर त्याने थांबावे की पुढे जावे? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु २००७ सालच्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्सच्या वायव्य भागात पाच हजारांहून अधिक माणसांना हा प्रश्न एकाच वेळी पडला आणि त्यांतील सुमारे तीस टक्के माणसांनी, कोणी लवकर, कोणी उशिरा, थांबण्याचे उत्तर दिले.

निमित्त होते ‘पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस’ या प्रवासाचे. फ्रान्सच्या राजधानीपासून अटलांटिक महासागराच्या काठावरील ब्रेस्त बंदरापर्यंत जायचे आणि परत यायचे. अंतर सव्वाबाराशे किलोमीटरच्या आसपास. हा उपक्रम सायकलच्या इतिहासातील अत्यंत जुन्या उपक्रमांपैकी एक आहे. १८९१ साली ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राचे संपादक प्येर जिफार यांनी तो शर्यत म्हणून सुरू केला. सायकल ही बागेत मिरवण्याची वस्तू नसून दूरच्या प्रवासाचे साधन आहे, हे त्यांना लोकांच्या मनावर ठसवायचे होते. वृत्तपत्राचा खप वाढवायचा होता, हे सांगायला नकोच. दोनशेहून अधिक स्वार निघाले, त्यांतले निम्म्याच्या आसपास परतले. पहिला आलेला शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटे जवळजवळ झोपेविना सायकल चालवीत होता. आपला मुख्य प्रतिस्पर्धी वाटेतल्या गावी झोपला आहे, हे हेरून त्याने रात्रीतून त्याला मागे टाकले. चाकांतून सहज काढता-घालता येणारे हवेचे टायर तेराँच्या सायकलीला होते आणि त्या एका विजयाने मिशलँ बंधूंचे नाव घरोघर गेले.

ही शर्यत दर दहा वर्षांनी होई. १९३१ सालच्या शर्यतीतही पाऊस आणि वारा यांनी स्वारांचा पिच्छा सोडला नाही. ती ह्यूबर्ट ऑपरमन या ऑस्ट्रेलियन स्वाराने ४९ तास २३ मिनिटांत जिंकली. हे गृहस्थ पुढे आपल्या देशाच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. दोन दिवस दोन रात्री भिजत सायकल चालविण्याचा अनुभव मंत्रिपदाला किती उपयोगी पडतो, हे सांगणे कठीण; पण निरुपयोगी खचितच नसावा. त्याच १९३१ साली शर्यतीच्या बरोबरीने हौशी प्रवाशांसाठीही याच मार्गावर वेगळा उपक्रम सुरू झाला. १९५१ नंतर व्यावसायिकांची शर्यत कायमची बंद पडली आणि हौशी मंडळींचा प्रवास मात्र टिकला. आज तो दर चार वर्षांनी होतो. या मार्गाच्या नावाची एक मिठाईही फ्रान्समध्ये मिळते. सायकलच्या चाकासारखी गोल, मध्ये पोकळ, बदामाने सजविलेली. तीही शंभर वर्षांहून जुनी आहे.

या हौशी स्वारांना ‘रांदोनर’ म्हणतात. लांबची भटकंती करणारा, एवढाच त्याचा अर्थ. नियम साधे आहेत. बहुतेकांना ९० तासांची मुदत असते. वाटेत ठरावीक गावी नियंत्रणस्थाने असतात; तेथे वेळेत पोहोचून आपल्याजवळच्या पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. बाहेरची मदत घ्यायची ती केवळ तेथेच. पहिला, दुसरा असा क्रम नाही. मुदतीत आला तो आला. त्या वर्षी नियमित स्वार होऊन २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरचे चार प्रवास मुदतीत पुरे केल्यावाचून कोणाला येथे प्रवेश मिळत नाही. म्हणजे २००७ साली निघालेल्या त्या पाच हजारांत नवशिका असा कोणी नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कारण पुढे जे घडले ते अनभिज्ञ माणसांची फजिती म्हणून हसण्यावारी नेता येत नाही.

त्या वर्षीचा उन्हाळा वायव्य युरोपात पावसाचाच ठरला होता. जून-जुलैमध्ये इंग्लंडात मोठे पूर येऊन गेले होते. २० ऑगस्ट, सोमवारच्या संध्याकाळी पॅरिसच्या पश्चिमेस सँ-काँतँ या उपनगरात स्वार जमले तेव्हा आभाळ भरून आले होते. रात्री साडेनऊनंतर ९० तासांच्या गटातील लोक शेकड्यांच्या तुकड्यांनी सुटू लागले. प्रत्येकाच्या अंगावर प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट, मागे तांबडा दिवा. अंधारात दूरवर पाहिले तर तांबड्या ठिपक्यांची एक रांग टेकड्यांवरून चढत-उतरत जाताना दिसे. आणि मग पहिल्याच रात्री पाऊस लागला.

रात्रीच्या पावसात सायकलस्वाराला प्रथम जे गमवावे लागते ते दृष्टीचे सुख. ओला डांबरी रस्ता प्रकाश गिळून टाकतो. कोरड्या रस्त्यावर वीस पावलांपर्यंत दाखविणारा दिवा जणू पाच पावलांवरच थबकतो. चष्मा असेल तर हाल विचारू नयेत. काचेवर थेंब साचतात, पुसावे तर फराटे उमटतात, काढावा तर पुढचा खड्डा दिसत नाही. मोटारीच्या काचेला पुसणारी काडी असते. माणसाच्या नाकावरच्या काचेला ती अद्याप कोणी लावलेली नाही. या मार्गावर प्रत्येक वळणावर चमकणारे बाण लावलेले असतात. मान खाली घालून पेडल मारणाऱ्याच्या नजरेतून तो बाण सुटला, की पाच-सात किलोमीटरचा भुर्दंड पडतो आणि ते अंतर हिशेबात धरले जात नाही.

पुढच्या सायकलीच्या मागे चिकटून चालण्याने वाऱ्याचा मार चुकतो, हे प्रत्येक स्वाराला ठाऊक असते. पण पावसात पुढच्याच्या मागल्या चाकातून उडणारी चिखलपाण्याची धार थेट मागच्याच्या तोंडात येते. ज्यांच्या सायकलींना पुरेसे लांब मडगार्ड होते त्यांच्यामागे लोक आनंदाने चालले. वजन वाचविण्यासाठी ज्यांनी ते काढून ठेवले होते, त्यांच्यामागे चालायला फारसे कोणी राजी नव्हते. अर्ध्या किलोच्या आतबाहेरची ही वस्तू. कोरड्या हवेत ती निरर्थक ओझे भासते आणि पावसात तिच्यावर माणसाची सोबत अवलंबून राहते.

मंगळवारची पहाट नॉर्मंडीच्या हद्दीत झाली. मोर्ताञ हे १४० किलोमीटरवरचे गाव मागे पडले होते, २२२ किलोमीटरवरचे व्हिलेन पुढे होते. येथील भूभाग दुरून सपाट वाटतो. वस्तुतः तो लहान-मोठ्या टेकाडांचा आहे. एकही घाट आपल्या खंबाटकीएवढा नाही. पण उंचवटे संपतच नाहीत, आणि परतीच्या वाटेसह सर्व चढांची बेरीज केली तर ती दहा हजार मीटरच्या घरात जाते. त्यात आता वारा तोंडावर आला. अटलांटिकवरून येणारे वारे या प्रदेशात बहुधा पश्चिमेचेच असतात आणि ब्रेस्त पश्चिमेलाच आहे.

वाऱ्याचा हिशेब क्रूर आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा पडलेला असताना ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराच्या तोंडावर तेवढ्याच वेगाचा वारा आला, तर त्याच्या छातीला लागणारी हवा ताशी चाळीस किलोमीटरची होते आणि अडथळा दुप्पट न होता चौपट होतो. पूर्वीइतकेच बळ लावले तर वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. चढ कितीही कठीण असला तरी त्याला माथा असतो आणि माथ्यापलीकडे उतार असतो. वाऱ्याला माथा नसतो. म्हणूनच अनुभवी प्रवासी वाऱ्याशी झगडत नाहीत. हलका गिअर घालून, अंग आखडून, मुकाट्याने कूर्मगतीने चालत राहतात. तरुण आणि ताकदवान माणसे मात्र ठरविलेला वेग राखण्याच्या हट्टाने पहिल्या दोनशे किलोमीटरांतच आपली शिदोरी संपवून बसतात. शिदोरी म्हणजे पिशवीतली नव्हे, स्नायूंतली.

या बाबतीत फ्रान्समध्ये एका जुन्या गृहस्थांचा शब्द आजही प्रमाण मानला जातो. पोल द व्हिव्ही हे त्यांचे नाव. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने ते लिहीत. १८५३ साली जन्मलेले हे गृहस्थ सँ-तेतियेन गावी रेशमाचा व्यापार करीत. तो सोडून ते सायकलच्या नादी लागले आणि १८८७ पासून ‘ल सिक्लिस्त’ हे नियतकालिक चालवू लागले. ते शाकाहारी होते, आणि रात्र-रात्र सायकल चालवून प्रोव्हाँसमध्ये जाऊन येत. एकाहून अधिक गिअरांचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. शर्यतवाल्यांनी त्याची थट्टा केली. पुढे त्यांच्याच सर्वांत मोठ्या शर्यतीत, फ्रान्सच्या फेरीत, साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा १९३७ साली सर्वांना खुली झाली, तेव्हा व्हेलोसियो जगात नव्हते. त्यांनी प्रवाशांसाठी काही नियम सांगून ठेवले. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे. थंडी वाजण्यापूर्वी अंगावर घ्यावे. पहिल्या तासांत जोर करू नये. अन्न नकोसे होईल आणि झोप उडेल इतके थकू नये. आणि केवळ प्रतिष्ठेसाठी पेडल मारू नये. वाचताना हे नियम आजीबाईच्या बटव्यासारखे वाटतात. परंतु त्या मंगळवारी जे मागे राहिले त्यांच्यापैकी बहुतेकांनी यांतलाच एखादा नियम मोडला असणार, असे म्हणायला हरकत नाही.

भुकेचेच पाहा. कोरड्या दिवशी स्वार खिशात हात घालतो, चालता-चालता काहीतरी तोंडात टाकतो. पावसात हातमोजे भिजून जड झालेले असतात, बोटे बधिर असतात, खिसा पावसाळी अंगरख्याखाली असतो, आणि पाकिटाचे वेष्टन दातांनीही फाटत नाही. थांबावे तर अंग गारठते. मग ‘पुढच्या गावी पाहू’ असे म्हणून तो खाणे लांबवितो. पुढचे गाव वाऱ्यामुळे नेहमीपेक्षा तासभर दूर गेलेले असते. शरीरातील साखर संपते आणि माणूस अकस्मात रिकाम्या पोत्यासारखा होतो.

सायकलीचीही अवस्था माणसाहून वेगळी नसते. साखळीचे तेल धुऊन जाते आणि ती करकर वाजू लागते. रस्त्यावरची बारीक खडी ओल्या टायरला चिकटून राहते, चाकाबरोबर फिरत राहते आणि हळूहळू रबरात रुतते. म्हणून पावसात पंक्चर अधिक होतात. ते काढणे ही तर शिक्षाच. ओल्या ट्यूबवर सोल्यूशन धरत नाही, ठिगळ बसत नाही. शहाण्याजवळ दोन कोऱ्या ट्यूब असतात. आणि ब्रेक! २००७ साली बहुतेकांच्या सायकलींना चाकाच्या रिमवर दाबणारे रबरी ब्रेक होते. रिम ओली असली म्हणजे ब्रेक दाबल्यावर प्रथम पाणी पुसले जाते आणि मगच पकड येते. मधले काही क्षण सायकल आपल्या मालकाला ओळखत नाही. जाणते स्वार उतार लागण्यापूर्वीच ब्रेक हलके दाबून रिम पुसून घेतात. जुन्या लोखंडी रिमांवर तर पावसात ब्रेक हा केवळ शोभेचा दागिना होता. ज्याने आपल्याकडे जुन्या जड सायकलीवरून श्रावणात घाट उतरला असेल, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडचा पाऊस आणि तिकडचा पाऊस यांतला भेद मात्र समजावून सांगण्यासारखा आहे, कारण त्याचीच किंमत पुढे काही भारतीयांनी मोजली. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ब्रेस्त हे फ्रान्समधील पावसाचे गाव म्हणून प्रसिद्ध. तेथे तो बाराशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या मुसळधारेपुढे ब्रिटनीची रिपरिप ही नुसती बुरबुर वाटावी. म्हणून सह्याद्रीच्या घाटांत भिजून तयार झालेल्या माणसाला वाटते, पावसाचे आपल्याला काय! पण आपला पाऊस उबदार असतो. घाटमाथ्यावरही ऑगस्टातला पारा वीस अंशांच्या आसपासच असतो. भिजलेला स्वार चढावर घामाघूम होतो आणि उतारावर सुखावतो. ब्रिटनीत ऑगस्टच्या रात्री पारा बारा-तेरा अंशांवर सहज उतरतो. पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेले कपडे, त्यांतून आरपार जाणारा वारा आणि श्रमाने रिती झालेली काया, ही तिन्ही एकत्र आली की बारा अंशांतही माणसाचे शरीर आतून गार होऊ लागते.

शरीराचे स्वाभाविक तपमान सदतीस अंश. पस्तीसच्या खाली गेले की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, दात वाजतात. हातांची बोटे ब्रेक दाबायला नकार देतात. मग बोलणे अडखळू लागते, चित्त मंदावते, मन उदास आणि बेफिकीर होते. सर्वांत घातक गोष्ट ही, की पुढच्या पायरीवर हुडहुडी थांबते आणि स्वाराला वाटते की आता बरे वाटू लागले. ज्या बुद्धीने थांबण्याचा निर्णय घ्यायचा, त्याच बुद्धीवर थंडी पहिला घाला घालते. म्हणून हा निर्णय बुद्धी शाबूत असतानाच करून ठेवावा लागतो. अमुक लक्षण दिसले की थांबायचे, हे घरून निघतानाच ठरलेले असावे लागते. चढावर सायकलस्वाराला सहसा थंडी बाधत नाही, कारण श्रम हीच त्याची शेकोटी. ती उतारावर विझते. पाय स्थिर, वेग दुप्पट, वारा चौपट. अनुभवी माणूस म्हणूनच टेकडीच्या माथ्यावर, पाऊस असो वा नसो, क्षणभर थांबून अंगावर एक वस्त्र चढवितो आणि पायथ्याशी ते पुन्हा उतरवितो. बघणाऱ्याला ही चैन वाटते.

अंगावर काय घ्यावे, हाही वादाचा विषयच. पाणी अजिबात आत न येऊ देणारे वस्त्र घामही बाहेर जाऊ देत नाही आणि माणूस बाहेरून कोरडा, आतून ओला राहतो. आपल्या शेतकऱ्याच्या इरल्यासारखी सैल कफनी इंग्रज प्रवासी पूर्वी वापरीत. तिच्याखालून हवा खेळते, पाय कोरडे राहतात. मात्र समोरचा वारा तिच्यात शिडासारखा भरतो. शेवटी बहुतेक जुने प्रवासी एका गोष्टीवर येतात. ती म्हणजे लोकर. ती भिजते, पण भिजूनही काहीशी ऊब धरून ठेवते. आपल्या धनगराला हे शास्त्र कोणी शिकविलेले नाही.

भारतात या पद्धतीचे मुदतीचे प्रवास २०१० च्या सुमारास रुजू लागले आणि पुणे, मुंबई, नाशिक येथील शेकडो माणसे त्यांत ओढली गेली. २०१९ साली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसला तीनशेच्या आसपास भारतीय स्वारांनी नावे नोंदविली होती. निघालेल्यांपैकी बहुसंख्यांना मुदतीत परतता आले नाही. त्या वर्षी पाऊस मुख्य शत्रू नव्हता. रात्रीची थंडी, समोरचा वारा आणि न संपणारे चढ यांनी घात केला. यात ताकदीची उणीव पाहणे अन्यायाचे होईल. ज्या थंडीची सवय करण्याची सोय आपल्या हवामानाने दिलेली नाही, तिच्यात एकाएकी उतरावे लागले, हे खरे कारण.

परंतु पुन्हा त्या मंगळवारकडे वळू. दुपारी ३१० किलोमीटरवरचे फूजेर आले. तेथून ब्रिटनी सुरू होते. त्यानंतर ३६४ वर तँतेनियाक. सरी येत होत्या, थांबत होत्या, पुन्हा येत होत्या. सततच्या पावसापेक्षा असा पाऊस अधिक छळतो. अंगरखा काढून गुंडाळून ठेवावा, तोच पुन्हा शिडकावा. या प्रवासात माणसाला तग धरायला लावणारी एक गोष्ट मात्र पावसाने धुऊन नेली नाही. ती म्हणजे रस्त्याकाठची माणसे. या भागातील गावकरी पिढ्यान्‌पिढ्या या स्वारांना पाहत आले आहेत. घरापुढे मेज मांडून, वर ताडपत्री बांधून, गरम कॉफी आणि आंबोळीसारखे पातळ धिरडे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला रात्री-अपरात्री देतात. पैसे घेत नाहीत. कोणी म्हणतात, घरी पोहोचलात की एक पत्र टाका. लहान मुले रस्त्यावर हात पुढे करून उभी असतात, टाळी देण्यासाठी. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पिठलेभाकरी देणारी गावे ज्याने पाहिली आहेत, त्याला या दृश्याचे नवल वाटणार नाही. फक्त येथे दिंडी सायकलवरून जात आहे, एवढेच.

रात्री दहा ते पहाटे दोन-तीन या वेळात बहुतेकांनी ४४९ किलोमीटरवरचे लुदेआक गाठले. चोवीस तासांहून अधिक काळ लोटला होता. अद्याप निम्मे अंतरही झालेले नव्हते. नियंत्रणस्थाने बहुधा शाळांमध्ये असतात, येथेही तसेच. ओल्या सायकलींच्या रांगा अंगणात, भोजनगृहात वाफाळलेल्या रश्शाची पातेली, आणि मेजांखाली, भिंतींशी, जिन्यांवर, जिथे अंग टेकता येईल तिथे झोपलेली माणसे. काहींनी चमचमत्या पातळ चांदीच्या कागदासारखी पांघरुणे गुंडाळून घेतली होती. ज्यांनी कोरडे कपडे येथे आधी पाठवून ठेवले होते, ते त्या रात्री जगातील सर्वांत श्रीमंत लोक होते. ज्यांनी पाठविले नव्हते, ते हात वाळविण्याच्या गरम हवेच्या यंत्राखाली मोजे धरून उभे होते.

याच ठिकाणी तो प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. बाहेर पाऊस, पुढे कारे हे गाव आणखी ७६ किलोमीटर, त्यानंतर मोंत्झ-दारे या ब्रिटनीतील उंच डोंगररांगेवरचा उघडा माळ, जेथे वाऱ्याला अडवायला झाड नाही, आणि मग उतार थेट समुद्रापर्यंत. आत ऊब, रस्सा, झोप. येथून परत फिरले तरी कोणी काही म्हणणार नव्हते. ज्यांनी येथे प्रवास सोडला त्यांची दोन प्रकारांत विभागणी करता येईल. काही खरोखरच संपलेले होते. काही केवळ त्या तासापुरते निराश झाले होते. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. पहिल्याने पुढे जाणे हा मूर्खपणा, दुसऱ्याने थांबणे ही हळहळ. म्हणून या क्षेत्रातील जुनी माणसे एक साधी युक्ती सांगतात: ओल्या अंगाने आणि रिकाम्या पोटी प्रवास सोडण्याचा निर्णय घेऊ नये. आधी जेवावे, अंग कोरडे करावे, दोन तास झोपावे आणि मग ठरवावे. उठल्यावरही पुढे जावेसे वाटले नाही, तर तो निर्णय शरीराचा आहे. त्याचा मान राखावा. २००३ साली सोडणाऱ्यांचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास होते. २००७ साली ते दुप्पट झाले. या दुप्पट झालेल्यांत शहाणे किती आणि घाईचे किती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

काही जण हिंमत करून ब्रेस्तपर्यंत गेले, जुन्या पुलावरून समुद्र पाहिला आणि तेथून आगगाडीने पॅरिसला परतले. अर्धा प्रवास करून परतणाऱ्यांना कमी लेखण्याची चाल काही मंडळींत आहे. ती चुकीची आहे. गारठलेल्या बोटांनी उतार उतरून रस्त्याकडेच्या चरात जाऊन पडण्यापेक्षा आगगाडीचे तिकीट केव्हाही स्वस्त.

शाळेच्या व्यायामशाळेत खाटा अंथरलेल्या होत्या. निजण्यापूर्वी स्वाराने किती वाजता उठवायचे ते स्वयंसेवकाला सांगायचे. तो वहीत खाटेचा क्रमांक आणि वेळ टिपून घेई आणि त्या मिनिटाला येऊन खांद्याला हात लावी. उठलेला माणूस आधी छपराकडे कान देई. मग तो ओलेच बूट पायांत चढवी, पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घाली, पिशवी छातीशी ठेवी आणि अंगणात जाऊन शेकडो सायकलींतून अंधारात आपली शोधू लागे.